मोळी कोण उचलून देणार?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून पुष्कळ बोलून झालं. मी एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. पुढे आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आईची माया आणि डोळ्यांतलं पाणी एवढंच आपल्या ध्यानात राहिलं, आणि पोराटोरांचं पुस्तक म्हणून आपण ते शाळेच्या कपाटात ठेवून दिलं. पण त्यातले दोन प्रसंग शेतकऱ्यानं वाचण्यासारखे आहेत.

पहिला कर्जाचा. श्यामचं घर एकेकाळी खोताचं, पुढे कर्जात बुडालेलं. सावकाराचा माणूस वसुलीला येतो. बोलता बोलता बायको विकून पैसे द्या, इथपर्यंत त्याची जीभ जाते. तेव्हा आई आतून बाहेर येते आणि त्याला ओटीवरून चालतं व्हायला सांगते. पैसा देणं होतं, ते तिनं नाकारलं नाही. अब्रू मात्र गहाण टाकलेली नव्हती.

दुसरा प्रसंग मोळीचा. महार समाजातल्या एका म्हातारीची लाकडाची मोळी पडलेली असते. विटाळ होईल म्हणून कुणी हात लावत नाही. ब्राह्मणाघरची ही आई आपल्या पोराला मोळी उचलून द्यायला पाठवते. लोक काय म्हणतील म्हणून तो कचरतो, पण जातो.

मात्र घरी येऊन आंघोळ कर, असंही ती सांगते. म्हणजे आई निम्मी वाट चालली. उरलेली वाट पोरानं चालून दाखवली. श्याम म्हणजे गुरुजी स्वतःच. खानदेशात पिकं बुडाली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून ते शेतकऱ्यांबरोबर लढले. आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरला, विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. देऊळ खुलं झालं.

आता आपल्या शिवाराकडे या. कर्जाच्या कागदासाठी दिवसभर ताटकळणं, मापावर कट्टी कापली तरी गप्प राहणं, हा अपमान आपल्याला पाठ आहे. त्याविरुद्ध आपण मोर्चे काढतो, आणि ते रास्तच आहे. पण वेचणीला आलेल्या बाईचं कापसाचं गाठोडं तिच्या डोक्यावर कोण चढवून देतं? तिला पाणी ओंजळीत वरून ओततो, की आपल्याच गिलासानं देतो? घटनेनं १९५० साली अस्पृश्यता संपवली. धुऱ्यावरची आपण संपवली का, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

वसुलीवाल्याला ओटीवरून उतरवणारी आणि मोळी उचलायला पोराला धाडणारी बाई एकच होती, हे विसरू नका. स्वतःचा अपमान ज्याला सलतो, त्यानं दुसऱ्याचा करू नये. नाहीतर घामाचं दाम मागताना आपलाच आवाज चिरका निघेल.

एक काम सांगतो. हे दोन प्रकरण पोरांकडून रात्री मोठ्यानं वाचून घ्या. वाचून झाल्यावर पोरगं विचारील, "बाबा, आपल्याकडं असं आहे का?" खरं उत्तर द्या. आणि येत्या वेचणीला पाण्याचा गिलास एकच ठेवा.