एकजूट आणि कुरघोडी : स्वागताध्यक्षीय भाषण



 राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने औद्योगिक सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह पुण्यात जपला आहे. एकपेशीय जीवांतून बहुपेशीय जीव कसे घडले, याची चर्चा इथे होत आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

या चर्चेत पहिला मान मातीतल्या एका अमीबाचा, डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियमचा. केनेथ रेपर यांनी १९३५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जिवाणूंचे खाद्य मुबलक असेपर्यंत तो एकटा राहतो. उपासमार सुरू झाली की रासायनिक हाकेला ओ देत हजारो अमीबा गोळा होतात आणि त्यांतून एक बारीक देठ उभा राहतो, टोकाला बीजाणूंचा गोळा घेऊन. देठातल्या, म्हणजे साधारण एक पंचमांश पेशी मरतात. उरलेल्यांचा वंश पुढे चालतो.

मग देठात जायचे कोणी? जोन स्ट्रासमन, डेव्हिड क्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले, की वेगवेगळ्या वंशांचे अमीबा एकत्र आले तर काही वंश मरणाचा भार दुसऱ्यांवर ढकलतात आणि बीजाणूंत जास्त जागा बळकावतात. हे केवळ प्रयोगशाळेतले कौतुक नाही. बंगळूरचे विद्यानंद नंजुंडय्या आणि सहकाऱ्यांना मुदुमलाईच्या जंगलातही एकाच समूहात भिन्न वंशांच्या पेशी नांदताना आढळल्या. भारतातल्या मातीवर झालेले हे काम मला विशेष मोलाचे वाटते.

भांडण संपले म्हणून शरीर घडले, असे मला वाटत नाही. भांडणाला लगाम घालता आला म्हणून ते घडले. आपण एकाच फलित पेशीपासून वाढतो, त्यामुळे अंगातल्या पेशी एकमेकींच्या सख्ख्या. विल्यम रॅटक्लिफ यांच्या २०१२ सालच्या प्रयोगातही हेच दिसते. तळाशी लवकर बसणारे यीस्ट ते निवडत गेले आणि साठ दिवसांत त्याचे गुच्छ तयार झाले. कारण लेक पेशी आईपासून सुटेनाशी झाली, म्हणून गुच्छातल्या पेशीही सख्ख्याच. तरीही लगाम कायमचा नसतो. आपल्याच शरीरातली एखादी पेशी शिस्त मोडून वाढत सुटते, तोच कर्करोग.

तरुण मित्रांनो, सह्याद्रीच्या रानातली मूठभर माती सूक्ष्मदर्शकाखाली घ्या, अमीबा शोधा, आणि जे दिसेल ते मराठीतूनही लिहा.