भावोजी, माईक इकडे द्या



संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आपल्या जालना जिल्ह्यात हळदीकुंकवाची धांदल असते. वाण हल्ली निमित्तापुरतं. खरी गर्दी होते ती 'खेळ पैठणीचा' असा फलक लागला की. २००४ साली आदेश बांदेकर 'होम मिनिस्टर' घेऊन टीव्हीवर आले आणि अख्ख्या महाराष्ट्राचे भावोजी झाले. मग गावोगाव भावोजी तयार झाले. कुणी शाळेतले सर, कुणी लग्नात माईक धरणारा हौशी गडी.

खेळ ठरलेले. फुगा फोडा, तळ्यात-मळ्यात, मिनिटभरात टिकल्या लावा. रंग भरतो तो प्रश्नांनी.

अंबडकडच्या एका गावातला प्रसंग सांगतो. निवेदकानं विचारलं, "ताई, मोबाईलमध्ये मालकांचं नाव काय म्हणून ठेवलंय?" ताई लाजल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "नळवाले." मालक ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडतात. मंडप हसतोय तोवर मागच्या रांगेतून आवाज आला, "आमच्याकडं बी त्याच नावानं हाय!" मग तर एकेक मोबाईल वर झाला. नळाला पाणी आठवड्यानं येणाऱ्या गावात हा विनोद कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

'कौन बनेगा करोडपती'मध्ये उत्तर आधीच संगणकात असतं. चुकलात की उठा. इथं उत्तर फक्त त्या बाईकडे असतं. निवेदकाला, सासूबाईंना, व्यासपीठावरच्या पाहुण्यांना, कुणालाच ते ठाऊक नसतं. त्यामुळे ती चुकूच शकत नाही. घरात 'भाजीत मीठ टाकलंस का' यापलीकडे जिला कुणी काही विचारत नाही, तिच्या उत्तराची अख्खा गाव वाट बघतो. एकदा जीभ सैल झाली की शेजारणीही बोलायला लागतात, आणि घरी जाताना त्याच प्रश्नावर गप्पा रंगतात.

सगळेच प्रश्न मात्र असे नसतात. कुणाच्या वजनावर, रंगावर बोट ठेवायचं, 'पाळणा कधी हलणार' म्हणून डोळा मारायचा, याला मी थट्टा म्हणत नाही. हसणारे हसतात, पण ती बाई पुन्हा माईकजवळ येत नाही. आणि निवडणूक जवळ आली की खेळ पाच मिनिटं, पुढाऱ्यांचं भाषण पाऊण तास!

टीव्हीच्या कितीतरी आधीपासून बायका हा प्रश्नांचा खेळ खेळत आल्या आहेत. भोंडल्यात, बुलढाण्याकडच्या भुलाबाईत गाणी संपली की झाकलेला डबा खुळखुळवायचा आणि खिरापत ओळखायला लावायची. गोड की तिखट? ओली की कोरडी? बरोबर उत्तर लगेच आलं तर डबेवालीचाच हिरमोड. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्याही असेच तिरके प्रश्न टाकून शहाण्याला गोत्यात आणतो.

राहता राहिली जिंकणारीला मिळणारी पैठणी. पैठण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. तिथल्या हातमागावर अस्सल पैठणी विणायला कित्येक आठवडे लागतात. मंडपात मिळते ती बहुतेक वेळा सेमी. बायकांना ते घडी उलगडताच कळतं. काठ उलटा करून मागचे धागे बघतात, एकमेकींकडे बघतात, आणि तरी पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत जागा धरायला चार वाजताच सतरंजी टाकतात.