ऊठ आणि ऊटा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



कार्यकारिणीने मला मास्तरकीचे किस्से सांगण्यास फर्मावले आहे. आचार्य अत्रे आणि द. मा. मिरासदार हे दोघेही, निरनिराळ्या काळी, पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीत शिकवीत होते. एकाच संस्थेने मराठी विनोदाला असे दोन धुरंधर पुरविल्यावर माझ्यासारख्या सात महिन्यांच्या मास्तराने काय हसवावे? परंतु मी पडलो सरकारी नोकर. हुकूम मोडण्याची सवय नाही.

1992 साली माझा बी. ए.चा निकाल लागला होता आणि कर्मचारी निवड आयोगाचा लागावयाचा होता. त्या अवधीत अक्कलकोट तालुक्यातील एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, रजेवरील गुरुजींच्या जागी ‘अप्रशिक्षित शिक्षक’ म्हणून माझी नेमणूक झाली. ही उपाधी किती यथार्थ होती, ते पहिल्याच तासाला कळले. अक्कलकोट हे 1948 पर्यंत संस्थान होते. पुढे ते सोलापूर जिल्ह्यात आले, तरी तेथील कित्येक गावांत चुलीपुढची भाषा कानडीच राहिली. शाळा मराठी, घर कानडी आणि मास्तर साताऱ्याचा!

दुसरीच्या वर्गात शिरून मी एका मुलाला दरडावले, “ऊठ!” तो नुसता हसला. “अरे, ऊठ म्हणतो ना!” त्याबरोबर सबंध वर्गाने फडक्यांच्या गाठी सोडून ज्वारीच्या भाकऱ्या बाहेर काढल्या. कानडीत ‘ऊटा’ म्हणजे जेवण, हे या सभागृहात कुणाला सांगावयास नको. मला तेव्हा ठाऊक नव्हते. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, “गुरुजी, आपल्या हातून निदान अन्नदान तरी घडले!” शाळेत दुपारचे जेवण देण्याची केंद्राची योजना 1995 साली आली, ती मी तीन वर्षे आधीच राबविली, असे मी कचेरीत सांगत असतो.

एक किस्सा मात्र कचेरीत सांगत नाही. चौथीत एक मुलगी होती. पाटीवर गणित मांडण्याआधीच ते तिच्या मनात सुटलेले असे. पण उत्तर विचारले की गप्प. मला तो उर्मटपणा वाटला. एके दिवशी तिच्या हातावर पट्टी मारली. ती काहीतरी पुटपुटली, म्हणून दुसरी मारली. तेव्हा शेजारचा मुलगा म्हणाला, “गुरुजी, तिनं बरोबर सांगितलं. कानडीत सांगितलं.” ती म्हणाली होती, ‘एप्पत्तेरडु’. उत्तर बहात्तरच होते.

आठवड्याभराने ती शाळेत येईनाशी झाली. सुगीचे दिवस आहेत, घरी काम असेल, असे हेडमास्तर म्हणाले. ते खरे होते की माझ्या समाधानासाठी होते, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

यथावकाश आयोगाचा निकाल लागला आणि बदल्यांच्या फेऱ्यांतून मी बंगळुरूला येऊन पोहोचलो. गेल्या वर्षापासून कानडीच्या वर्गाला जातो. शिकविणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मागल्या महिन्यात त्यांनी मला उभे करून फळ्यावरचा आकडा वाचावयास सांगितले. आकडा दिसत होता, शब्द सुचत नव्हता. पन्नाशी उलटलेला केंद्र सरकारचा अधिकारी पंधरा जणांपुढे गप्प उभा! अखेर हळूच मराठीत पुटपुटलो.

बाई हसल्या. “परवागिल्ला, सार,” म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. मी खाली बसलो आणि उजवा तळहात उगाचच बाकाखाली घेतला.