कातडीचा वैरी ओळखावा कसा?

जळगांवहून भुसावळकडे जातांना वाटेंत नशिराबाद लागतें. तेथील एखाद्या घरीं, समजा, मुलीच्या लग्नाचीं बोलणीं चाललीं आहेत आणि नेमक्या त्याच सुमारास तिच्या दोन भुवयांच्या मध्यें तांबूस, खाजरा चट्टा उठतो. पुढें त्याच जागीं पांढरा ठिपका दिसूं लागतो. आत्या हळूच कोडाचें नांव काढते, आई वांग्याचें भरीत बंद करते, आजी दृष्ट काढते. ठिपका रोजच्या टिकलीएवढाच आणि टिकलीच्याच आकाराचा आहे, ही साधी गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षांत येत नाहीं.

वस्तुतः निदानाची पहिली किल्ली तेथेंच आहे. चिकटवावयाच्या टिकलीमागील डिंकांत पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नांवाचें द्रव्य असूं शकतें. तें त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मारक ठरतें. टिकलीनें पडणाऱ्या पांढऱ्या डागांशीं त्याचा संबंध अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं दाखवून दिला. असा डाग नेहमींच्या कोडाहून निराळा. टिकली वेळींच सोडल्यास पुष्कळांचा रंग हळूहळू परत येतो. सर्वांचाच येतो असें नाहीं, म्हणून दिरंगाई बरी नव्हे. कुंकवाचीही अशीच तपासणी व्हावी. हळदीवर क्षाराचा संस्कार करून केलेलें जुनें कुंकू निराळें आणि कृत्रिम रंग घातलेलें बाजारी कुंकू निराळें. दुसऱ्यानें कित्येकांच्या कपाळावर काळसर डाग पडतो.

“पण हीच टिकली ती पांच वर्षें लावते आहे!” असा आक्षेप घरोघर ऐकूं येतो. येथेंच बहुतेकांची फसगत होते. अ‍ॅलर्जी, म्हणजे एखादें द्रव्य अंगाला न मानवणें, पहिल्याच स्पर्शानें होत नाहीं. वारंवारच्या संपर्कानंतर रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी त्या द्रव्याची ओळख पक्की धरून बसतात. त्यानंतर तें त्वचेला लागलें कीं एक-दोन दिवसांनीं, क्वचित् त्याहूनही उशिरां, पुरळ उठतें. आज उठलेल्या पुरळाचें कारण परवांच्या स्पर्शांत असतें आणि आळ येतो तो आजच्या जेवणावर.

म्हणून पहिला साक्षीदार म्हणजे पुरळाची जागा. कानाच्या पाळ्या, मनगट किंवा बेंबीखालचा भाग खाजत असेल, तर खोट्या दागिन्यांतील, घड्याळाच्या पट्ट्यावरील किंवा बटणांतील निकेल धातूचा संशय घ्यावा. केसांची कड, कान व पापण्या सुजल्या, तर कलपांतील पॅराफेनिलीन-डाय-अमीन आठवावें. लवकर काळी व्हावी म्हणून मेंदींतही हेंच मिसळतात. पावलावर चपलेच्या पट्ट्यांची आकृति उमटली, तर रबरांतील किंवा कमावलेल्या चामड्यांतील द्रव्यें पाहावीं. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचीं अंगठ्यासह तीन बोटेंच भेगाळलीं असतील, तर त्या हातानें धरून सोललेला लसूण कारण असूं शकेल. गवंड्याच्या हातांची आग सिमेंटांतील क्रोमियमच्या क्षारांनीं होते. डेन्मार्कनें १९८१ पासून सिमेंटांत हिराकस मिसळून त्या क्षारांचें प्रमाण दहा लाख भागांत दोन भागांवर आणविलें, हें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

वनस्पतीचें म्हणून निरुपद्रवी, ही समजूतही सोडावयास हवी. परटानें कपड्यांवर खूण करावयाचा बिब्बा वनस्पतीचाच. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत असलेल्या अमेरिकन सैनिकांना कपड्यांवरील अशा खुणांमुळें त्वचादाह झाल्याची नोंद १९४३ सालीं प्रसिद्ध झाली. १९५५ च्या सुमारास पुण्यांत आढळलेलें गाजरगवत आतां खानदेशच्या बांधांवरही माजतें. त्याचे सूक्ष्म कण वाऱ्यावर येऊन शेतकऱ्याच्या पापण्या, मान व कोपराचे खळगे यांस दाह करतात.

जागेवरून संशय येतो. पुरावा मिळतो तो पट्टी-परीक्षेनें. ही परीक्षा योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानें १८९५ सालीं पुढें मांडली. संशयित द्रव्यें योग्य त्या सौम्य प्रमाणांत, बहुधा व्हॅसलीनमध्यें मिसळून, छोट्या पट्ट्यांनीं पाठीवर चिकटवितात. दोन दिवस पाठ भिजूं द्यावयाची नसते. मग पट्ट्या काढून पाहतात आणि पुन्हा चवथ्या दिवसाच्या सुमारास पाहतात. कारण उशिरां उमटणारी खूणही महत्त्वाची असते. ही परीक्षा तज्ज्ञाच्याच हातची. कलप, डिंक किंवा बिब्बा घरीं पाठीवर बांधून पाहणें म्हणजे नवें दुखणें ओढवून घेणें होय.

घरीं करण्याजोगें काम दुसरेंच आहे. पुरळ केव्हां उठलें, आदल्या चार दिवसांत कातडीला काय काय लागलें, सुटीवर परगांवीं गेल्यावर तें ओसरलें काय, याची टिपण वहींत ठेवावी. साबण, तेल, मलम व दागिने यांचीं वेष्टनें व नांवें जपून ठेवावीं. डॉक्टरकडे जातांना ती वही व त्या वस्तु बरोबर न्याव्या. सगळ्याच वस्तु एकदम टाकल्या तर दोषी कोण तें कळत नाहीं. आणि नुसतें मलम लावून दोषी वस्तु तशीच वापरली तर पुरळ पुनः पुनः उठतें. एकदां जडलेली अ‍ॅलर्जी बहुधा जन्मभर राहते. म्हणून त्या द्रव्याचें नांव कळणें हाच निम्मा उपचार होय.

नशिराबादच्या त्या घरीं भरीत पुन्हा शिजूं द्यावें. मुलीनें टिकली आजच उतरवावी आणि वापरलेलें पाकीट घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. तो डाग कोडाचा कीं डिंकाचा हें तज्ज्ञ ठरवील. आत्यानें तोंवर धीर धरावा. लग्नाचीं बोलणीं तर एका ठिपक्यापायीं मोडण्याचें मुळींच कारण नाहीं.