वाळूचा कण आणि सड्यावरचे फूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी आपल्या किनाऱ्यावरची वाळू व सड्यावरची रानफुले यांची अगदी जवळून छायाचित्रे कशी घ्यावीत, याविषयी बोलणार आहे. यासाठी किमती कॅमेरा हवाच असे नाही. मोबाइलला लावायचे लहानसे भिंगही पुरते.

आधी चिमूटभर वाळू कोऱ्या कागदावर पसरा. काचेसारखे कण गारेचे, पांढरे तुकडे शिंपल्यांचे आणि काळे चकचकीत कण इल्मेनाइट, मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचे. कागदाखालून लोहचुंबक फिरवला की मॅग्नेटाइटचे कण त्यामागून धावू लागतात. छायाचित्र घेताना उजेड एका बाजूने पडू द्यावा, म्हणजे कणांचे पैलू उठून दिसतात.

आता पावसाळ्यातला सडा पाहू. कातळावर माती जेमतेम बोटभर, तीही निकस. म्हणून तिथल्या काही वनस्पती किडे पकडून पोट भरतात. दवबिंदूच्या पानांवरचे चमकणारे थेंब म्हणजे चिकट सापळाच. सीतेच्या आसवांचे सापळे म्हणजे मातीत दडलेल्या इवल्या पिशव्या. त्यांच्या शेजारी गेंदाची पांढरी बोंडे डोलत असतात. याच गेंदाची एक नवी जात आपल्या सिंधुदुर्गात सापडल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 2020 साली जाहीर केले. तिचे शास्त्रीय नावच 'लहान डोक्याची' अशा अर्थाचे आहे.

कॅमेरा जितका जवळ न्यावा, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो, कधी केसाएवढाच उरतो. म्हणून हात जमिनीला टेकवावा, वारा छत्रीने अडवावा, आणि फुलाचा कोणता भाग स्पष्ट हवा ते आधी ठरवावे. पहाटे वारा कमी असतो. फूल तोडू नये, आणि दुसऱ्या फुलांवर गुडघा टेकू नये.

भगिनींनो, हा केवळ छंद नव्हे. सातबाऱ्यावर सड्याची नोंद बहुधा 'पोटखराबा' अशी असते. जिथे काही पिकत नाही तिथे चिऱ्यांची खाण काढली किंवा कातळ फोडून कलमे लावली, तर गेले काय, असे आपणही म्हणतो. पण बोटभर मातीचा थर एकदा खरवडला की त्यातले बी आणि कंदही जातात, आणि पुढच्या आषाढात तिथे काही उगवत नाही.

अशा वेळी गावाचे नाव व तारीख लिहिलेले एक छायाचित्र साक्षीदाराचे काम करते. ग्रामसभेत ते पुढे ठेवून आपल्याला म्हणता येईल की इथे काही नाही असे नव्हे, इथे हे होते आणि आजही आहे. येत्या पावसाळ्यात प्रत्येकीने आपल्या वाडीच्या सड्यावरचे निदान एक फूल टिपावे, आणि त्याचे गावातले नाव घरच्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून खाली लिहावे. ती नावेही फुलांइतकीच लवकर नाहीशी होतात.