आढीतला आंबा

श्रोतेहो, आढीत एक आंबा पिकला की शेजारचेही पिकू लागतात, हे रत्नागिरीत पोरासोरांनाही ठाऊक. पण का? फळाच्या पेशीत मेथिओनीन नावाचे द्रव्य असते. विकरे, म्हणजे पेशीतले कारागीरच म्हणा ना, पायरीपायरीने ते बदलीत नेतात आणि शेवटी इथिलीन वायू सुटतो. या वाटेवरची हरवलेली पायरी ॲडम्स आणि यांग यांना १९७९ साली सापडली. वायूचा इशारा मिळताच दुसरे कारागीर पिठाची साखर करू लागतात.

ओल लागलेल्या कार्बाइडातून ॲसिटिलीन सुटतो. तो इथिलीनची नक्कल करतो. कोवळ्या आंब्याची सालही मग पिवळी होते. बाजार लवकर गाठण्याची बागायतदाराची घाई मला समजते हो. पण आत पीठच भरले नसेल तर साखर कशाची व्हायची? शिवाय कार्बाइडात आर्सेनिकचा अंश असू शकतो; त्याने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे.