चित्रकलेचा तास कुणाचा?

(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड इथं महिला मंडळ आणि बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'मुलींचं शिक्षण' एवढंच छापलंय. मघाशी चहा घेताना दोघीतिघींनी विचारलं, "ताई, आज हुंड्यावर का बालविवाहावर?" मी म्हटलं, आज चित्रकलेवर. तर एक मावशी मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, "चित्रं काढून पोट भरतंय व्हय?" मावशी, तुमचा प्रश्न मी विसरणार नाही, त्याच्याकडं येतेच. पण त्याआधी मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. आपण दुसऱ्यांच्या चुका फार सांगतो.

समाजकार्याचं शिक्षण संपवून मी केज तालुक्यात कामाला लागले तेव्हाची गोष्ट. किशोरवयीन मुलींसाठी शाळेत सत्रं घ्यायची होती. पाळी, आहार, लग्नाचं वय, कायदा, असे सगळे विषय तक्ते-बिक्ते करून तयार होते. एका शाळेत गेले, शाळेचं नाव घेत नाही. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक पुढं ओढलं. गणिताचा तास देता येणार नाही, इंग्रजीचा नाही, विज्ञानाचा तर नाहीच. मग म्हणाले, "असं करा मॅडम, चित्रकलेचा घ्या. तो मोकळाच असतो." मला आनंद झाला. पुढं जवळजवळ दीड वर्ष मी त्या मुलींचा चित्रकलेचा तास घेत होते, म्हणजे खरं तर खात होते.

मुली शांत बसायच्या. मी विचारलं की माना डोलवायच्या. मला वाटायचं, किती छान चाललंय. एक दिवस आठवीतली एक मुलगी तास सुटल्यावर दाराशी थांबली. मला वाटलं, पाळीबद्दल काही विचारायचं असेल. तिनं विचारलं, "ताई, आमचा चित्रकलेचा तास परत कधी सुरू होणार?"

मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना. मुलींचे हक्क सांगायला गेलेली मी, आणि आठवड्यातला त्यांचा एकमेव हवासा तास मीच घेऊन बसले होते! आणि तो तास 'मोकळा' का होता? तर तिथले चित्रकलेचे सर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नव्हतं. शिक्षक नाही म्हणून तास मोकळा, आणि तास मोकळा म्हणून तो कुणीही घ्यावा. कधी मी, कधी कवायत, कधी गॅदरिंगची तयारी, कधी मुलींनी वर्ग झाडणं.

मग आम्ही शेजारच्या गावच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना गाठलं. शनिवारी सकाळी ते यायला तयार झाले. पहिले काही शनिवार मी मागच्या बाकावर बसून राहिले, आणि मला तिथं जे दिसलं ते सांगण्यासाठी आज हा विषय घेतलाय.

सरांनी टेबलावर एक घागर ठेवली. बायांनो, घागर आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेली वस्तू आहे. तिचं तोंड कसं असतं? गोल. सगळ्या मुलींनी गोल तोंड काढलं, बांगडी ठेवल्यासारखं. सर म्हणाले, "तुला माहीत आहे ते काढू नको. तुला तुझ्या जागेवरून दिसतंय ते काढ." मग मुली एक डोळा मिटून, पेन्सिल धरून बघायला लागल्या. घागरीचं तोंड लांबट दिसत होतं, चपटं. खिडकीपाशी बसलेलीला वेगळं, दारापाशी बसलेलीला वेगळं. आणि सर दोघींनाही बरोबर म्हणत होते.

मला सांगा, आपल्या मुलींना दिवसभरात असं कोण म्हणतं? घरी आईला माहीत असतं, बापाला माहीत असतं, शाळेत गाईडला माहीत असतं. माझ्या सत्रातसुद्धा मलाच माहीत होतं. 'तुला काय दिसतंय?' हा प्रश्न त्या तासाला विचारला जात होता. आपल्या शिबिरांमधून आपण मोठ्या बायांना हेच सांगत आलो की, बाई, दुसऱ्यांनी सांगितलेलं सोड, तुझा अनुभव काय ते बोल. तेच तेराव्या वर्षी, एका घागरीवर शिकायला मिळत असेल तर ते सोडायचं कशाला?

पुढं स्मरणचित्राचा विषय आला. डोळ्यासमोर काही नसताना आठवून काढायचं. विषय साधेच असतात, बाजार, जत्रा, पाणवठा. सरांनी सांगितलं, तुम्ही पाहिलेली कुठलीही गर्दीची जागा काढा. त्या दाराशी थांबलेल्या मुलीनं उसाचा फड काढला. तिच्या घरचा कोयता आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, दिवाळीच्या आसपास टोळ्या हलतात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. ती दोन वर्षं आईबापाबरोबर जाऊन आली होती. चित्रात रात्र होती. गाडी भरणं चाललेलं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणारी बाई, कोप्यांची रांग. आणि एका कोपऱ्यात चार काठ्यांना गुंडाळलेली साडी, तिच्या खालून दिसणारे दोन पाय. बाजूला पाठमोरी उभी राहिलेली एक लहान मुलगी.

मी विचारलं, हे काय? म्हणाली, "आई आंघोळ करतीय. मी राखण बसलेय."

हीच मुलगी माझ्या सत्रात दीड वर्ष बसली होती. मी फळ्यावर 'स्वच्छता' असा शब्द लिहून तिला रोज आंघोळ करावी म्हणून सांगितलं होतं. आडोसा नाही, अंधार पडल्याशिवाय बाईला अंगावर पाणी घेता येत नाही, आणि तेव्हाही कुणीतरी राखण लागतं, हे तिनं तोंडानं कधीच सांगितलं नाही. माझ्या प्रश्नावलीत तो प्रश्नच नव्हता. ते तिनं कागदावर ठेवलं. नंतर मुकादमांच्या बैठकीत फडावरच्या न्हाणीघराचा मुद्दा आम्ही मांडला तो त्या चित्रामुळं. किती ठिकाणी न्हाणीघर झालं ते विचारू नका. पण मुद्दा आता यादीत आहे.

कुणी म्हणेल, आपल्या बायकांना चित्रकला शिकवायला कशाला पाहिजे, रांगोळी येते, गोधडी येते, नागपंचमीला भिंतीवर नाग काढता येतात. खरं आहे. पण हातात असलेली कला आणि हातात आलेला कागद यात फार फरक पडतो. डहाणूकडं वारली समाजात लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक काढतात. तो काढण्याचा मान सवाशिणींचा, आणि लग्न लावते धवलेरी, म्हणजे तीही बाईच. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा मधुबनी भागात मुंबईचे चित्रकार भास्कर कुळकर्णी यांना पाठवलं होतं, अखिल भारतीय हस्तकला मंडळाकडून. तिथं भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हातात कागद पडला. चित्रं विकली गेली, हातात पैसे आले, आणि १९७५ साली जगदंबादेवींना पद्मश्री मिळाली. पुढं हेच कुळकर्णी वारली पाड्यांवर आले. तिथं कागदावर नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांचं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि ते मोठे चित्रकार होते यात वादच नाही. पण भिंतीवरचा चौक ज्या सवाशिणींचा होता त्यांची नावं आपल्यापैकी कुणाला सांगता येतील? मला नाही येत.

मग ज्या मुलींपर्यंत कागद लवकर पोचला त्या कोण होत्या? मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ सालचं. तिथून शिकलेल्या आपल्याकडच्या सुरुवातीच्या चित्रकर्ती पाहा. अंबिका धुरंधर, वडील चित्रकार म. वि. धुरंधर. अँजेला त्रिंदाद, वडील चित्रकार आ. शा. त्रिंदाद. गुणी होत्याच त्या. पण घरात रंग होते, बाप हात धरून शिकवणारा होता. आमच्या वडगावच्या मुलीचा बाप उसाच्या फडात आहे. तिला रंगाची पेटी मिळायची असेल तर ती सरकारी शाळेतच मिळेल, दुसरी जागा नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडं येते. पोट भरतं का? काहींचं भरतं. कापडावरची नक्षी, छपाई, जाहिरात, शाळेतली नोकरी, बरेच रस्ते आहेत, आणि संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. पण बहुतेकींचं चित्रावर पोट भरणार नाही, मी खोटं सांगणार नाही. भूगोलावर तरी किती जणींचं भरतं? तरी भूगोलाचा तास कुणी मोकळा म्हणत नाही.

आणि पोटाचंच बोलायचं तर एक हिशेब ऐका. शासनाच्या रेखाकला परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कला संचालनालय घेतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, असे पेपर दोन दिवस चालतात. इंटरमिजिएट पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. अकरावी, डिप्लोमा, आयटीआयच्या यादीत ७ गुणांनी काय होतं ते ज्यांची मुलं रांगेत उभी राहिली त्यांना माहीत आहे. शहरात त्यासाठी क्लास लागतात, फी भरून. आणि ज्या शाळेत चित्रकलेला शिक्षकच नाही तिथली मुलगी हे गुण कुठून आणणार? गुण देणारं शासन, शिक्षकाची जागा न भरणारंही शासनच. नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' असा विषय आहे, पुस्तकही चांगलं काढलंय. पण त्याला नुसती श्रेणी, टक्क्यात तो धरत नाहीत. त्यामुळं पुष्कळ ठिकाणी श्रेणी भरली जाते आणि पुस्तक कोरंच राहतं.

त्या मुलीचं पुढं काय झालं ते तुम्ही विचारणारच. एलिमेंटरीत तिला बी श्रेणी मिळाली. पुढच्या वर्षी इंटरमिजिएटचं केंद्र तालुक्याच्या गावी आलं. दोन दिवस जाणं-येणं, एसटीचा भरवसा नाही, आणि वयात आलेली पोर एकटी कशी पाठवायची? घरच्यांनी पाठवली नाही. सर हळहळले, मी हळहळले, परीक्षा होऊन गेली. तिला ते ७ गुण मिळाले असते की नाही कुणास ठाऊक. तिला बसताच आलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी महिला मंडळानं ठरवलं. दोघी बाया मुलींबरोबर गेल्या, भाकरी बांधून, दोन्ही दिवस केंद्राच्या बाहेर झाडाखाली बसल्या. भाडं बचत गटानं काढलं. ११ मुली परीक्षेला बसल्या. त्यातल्या एका बाईचं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं. त्या मला म्हणाल्या, "आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, पर बरं वाटलं." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं २०१९-२१ मध्ये बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं तेव्हा शंभरातल्या ४३ हून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. चित्रकलेच्या तासानं हे थांबेल असं मी म्हणत नाही, इतकी भोळी मी राहिले नाही. शाळेत मुलीला जावंसं वाटेल असं काहीतरी असावं, एवढं मात्र नक्की म्हणते.

माझी सत्रं आता शाळा सुटल्यावर असतात. गर्दी कमी असते, पण येतात त्या बोलतात.

आता करायचं काय ते सांगते आणि बसते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात आहे की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असतात. सही करायला बोलावतात ना तुम्हाला? पुढच्या वेळी सही करण्याआधी वेळापत्रक मागा. चित्रकलेचा तास कुठल्या वारी आहे, तो कोण घेतं, पट किती आणि निदेशक आहे का, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. हायस्कूलच्या समितीवर असाल तर चित्रकला शिक्षकाचं पद मंजूर आहे का रिकामं, हे लेखी मागा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. तिथं ज्यांच्या मुली आहेत त्यांनी अधीक्षकांना विचारा की संध्याकाळी रंग-कागद मिळतो का.

परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरतात, आणि परीक्षा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येते, म्हणजे टोळ्या हलायच्या आत. जूनमध्येच नावं दिली तर तीन-चार महिने सरावाला मिळतात. मागं टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांच्या मुली सातवीच्या पुढं आहेत त्यांनी जाताना मुलीचं नाव आणि शाळा लिहा. केंद्रावर सोबत जायला कोण तयार आहे त्यांचा रकाना वेगळा केलाय.

मावशी, तुम्ही पहिलं नाव लिहिता का? नातीचं लिहा. आणि सोबतीच्या रकान्यात तुमचं.